तुम्ही विचारलंत म्हणून: एम फोरचा स्प्रे सरळ कसा जातो

"दादा तुमचा सेन्सी कोड द्या ना." बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा गेम) खेळतो हे कळलं की पुढचा प्रश्न हाच. सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी, अंगठा किंवा फोन किती हलवला की नजर किती फिरते त्याचे आकडे, आणि कोड टाकला की दुसऱ्याचे आकडे आपल्या फोनवर येतात. गल्लीतली पोरं विचारतात, ऑफिसातला ज्युनियर विचारतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याने विचारलंय. कोड द्यायला माझी ना नाही, पण तो टाकून कुणाची एम फोर (गेममधली एम४१६ रायफल) स्प्रेत, म्हणजे बोट न उचलता सलग मारताना, सरळ गेलेली मी अजून बघितली नाही. माझा फोन ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० चित्रं) चालतो, तुमचा कदाचित ४० वर अडकत असेल, मी जायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) ऑलवेज ऑन ठेवतो आणि तुम्ही नुसत्या अंगठ्यावर खेळता, मग माझे जायरोचे ३०० टक्के तुमच्या काय कामाचे? जुलै २०२२ मधे गेम स्टोअरवरनं गेला आणि मे २०२३ मधे परत आला, तेवढ्यात कितीतरी जणांचे फोन बदलले होते, आणि स्वतःचीच जुनी सेन्सी नव्या फोनवर टाकून लोक वैतागत होते. स्वतःची चालेना तिथे माझी काय चालणार.

सेन्सी स्वतःच काढायची असते आणि ते अवघड नाहीये. ट्रेनिंग ग्राउंडवर जा, भिंतीसमोर उभे रहा, बंदुकीला एक स्कोप (दुर्बीण) लावा, अंगठा काही न ओढता अख्खं मॅगझिन रिकामं करा आणि बघा गोळ्या कुठे चढतात. मग तोच स्कोप लावून खाली ओढत मारा. पूर्ण ओढूनही वरच जात असतील तर सेन्सी वाढवा, खाली घुसत असतील तर कमी करा. फक्त योग्य सेन्सी हलवा बरं का, कारण कॅमेरा सेन्सी ही गोळी न मारता नजर फिरवायला असते आणि मारताना जी ओढ लागते ती एडीएस सेन्सीवर, जायरोवाल्यांची एडीएस जायरो सेन्सीवर. लोक कॅमेऱ्याचे आकडे वरखाली करत बसतात आणि म्हणतात रिकॉइल (बंदुकीचा झटका) काही जात नाही.

दुसरा लाडका वाद, एम फोर की एकेएम ही दुसरी रायफल. एम फोरच्या गोळीचं डॅमेज साधारण ४१, एकेएमचं ४७ च्या आसपास, अपडेट आलं की आकडे थोडे हलतात. समोरच्याचं लेव्हल २ चं व्हेस्ट (चिलखत) ४० टक्के डॅमेज खातं, म्हणजे त्याची पूर्ण हेल्थ १०० धरली तर छातीत एम फोरच्या ५ गोळ्या लागतात आणि एकेएमच्या ४. पण एम फोर मिनिटाला ७०० च्या आसपास गोळ्या फेकते आणि एकेएम ६००, त्यामुळे हिशेब केला तर दोघींनाही माणूस नॉक करायला, म्हणजे पाडायला, सेकंदाचा तिसरा हिस्साच लागतो. फरक कशाने पडतो तर पाचातल्या किती लागल्या त्याने. एम फोरला मझल (नळीच्या टोकाचा भाग), ग्रिप (पुढची मूठ), मॅगझिन, स्टॉक (मागचा दस्ता), स्कोप सगळं लागतं, एकेएमला ग्रिप आणि स्टॉकची जागाच नाही. म्हणून पोचिंकीत (नकाशावरचं एक गाव) उतरल्या उतरल्या हाताला एकेएम लागली तर खुशाल घ्या, यातलं काहीच न लावलेल्या उघड्या एम फोरसाठी घरं शोधत फिरू नका. एम सेव्हन सिक्स्टी टू या तिसऱ्या रायफलचं मात्र पोरांना उगाच वेड आहे असं माझं मत, जवळून ती भयंकरच आहे पण पन्नास मीटरच्या पुढे ती तुमचं ऐकत नाही, आणि व्हिडिओत जे सरळ स्प्रे दिसतात त्यांच्यामागे कितीतरी महिन्यांचा हात असतो.

आता खरं उत्तर. रायफल कशी मारायची हे समोरचा किती अंतरावर आहे त्यावर ठरतं. खोलीत, जिन्यावर, दहा-वीस मीटरवर रेड डॉट (मोठं न करणारा साधा स्कोप) किंवा सरळ हिपफायर (स्कोप न उघडता मारणं), आणि तिथे थांबायचं नाही, पूर्ण स्प्रे. इथे रिकॉइलने कुणी हरत नाही, क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) जमिनीकडे ठेवून पळणारे हरतात. दाराच्या कडेला माणसाचं डोकं जिथे येईल तिथे क्रॉसहेअर आधीच ठेवलेला असला तर अर्धं काम झालं.

खरी परीक्षा ५० ते १०० मीटरला. थ्री एक्स (तिप्पट मोठं दाखवणारा स्कोप) लावा, सिक्स एक्स मिळाला असेल तर तोच कमी करून थ्री एक्सवर आणा, आणि बसून मारा, क्राउचमधे रिकॉइल चांगलाच कमी होतो. मझलला कॉम्पेन्सेटर, झटका कमी करणारा. ग्रिप कुठली हे तुमच्या गोळ्यांना विचारा, वर चढत असतील तर व्हर्टिकल, डाव्या-उजव्या पळत असतील तर अँगल्ड. आणि इथे अख्खं मॅगझिन बागेला पाणी घातल्यासारखं सोडायचं नाही. आठ-दहा गोळ्या, क्षणभर सोडा, परत आठ-दहा. पहिल्या गोळ्या सगळ्यात नीट जातात, मग त्या पहिल्या गोळ्याच पुन्हा पुन्हा का मिळवू नयेत?

दोनशे मीटरवर पळणारा दिसला की सगळ्यांचा अंगठा शिवशिवतो. गोळीला तिथे पोचायला पाव सेकंद तरी लागतो, तेवढ्यात तो दीडेक मीटर पुढे गेलेला असतो, म्हणून त्याच्यावर नाही तर त्याच्या पुढे मारायचं, तेही सिंगलवर टॅप टॅप. पण आधी विचार करा मारायचंच कशाला. तो नॉक झाला तरी त्याचे मित्र स्मोक टाकून उचलणार, आणि तुमचा आवाज मिनीमॅपवर आजूबाजूच्या सगळ्या स्क्वॉडना (टीमना) दिसला. माझे निम्मे फिनिश असेच दुसऱ्याच्या हावरट स्प्रेवर थर्ड पार्टी करून, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा घुसून, मिळालेत (हो, फिनिश, आपल्या गेममधे किल म्हणत नाहीत, आमच्या आईला तेवढंच समाधान).

झाडामागून मारताना उजवीकडून पीक करा, म्हणजे डोकवा. थर्ड पर्सनमधे कॅमेरा उजव्या खांद्यावर असतो, त्यामुळे उजव्या बाजूने तुम्हाला समोरचा दिसतो आणि त्याला तुमचं अंग कमी दिसतं. डावीकडून निघालात तर आधी खांदा बाहेर आणि मग नजर.

आणि रीलोड. चार गोळ्या मारल्या की रीलोड दाबायची सवय एक्स्टेंडेड मॅगझिनवाल्यांनाही सुटत नाही. ४० पैकी २५ शिल्लक असताना रीलोड करायचा नसतो, रश येतोय (कुणी अंगावर धावून येतंय) असं पावलांवरून कळत असताना तर नाहीच. एकाला पाडलंत आणि दुसरा जवळ आहे, मॅगझिनमधे सात-आठच उरल्यात, तर सरळ दुसरी गन काढा, त्यासाठीच तर ती पाठीवर आहे.