पुसण्याआधी

जनावरांच्या दवाखान्यात केनेलच्या कामाला नवा पोरगा आला की पहिल्या सकाळी तो हमखास पाण्याचा पाइप हातात घेतो. वास मारतोय, धुऊन टाकू. जुना माणूस त्याला अडवतो. आधी पिंजरा वाचायचा, मग पुसायचा. रात्रभराची सगळी हकिकत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर असते. तो कागद कचऱ्यात गेला की डॉक्टरांना काय सांगणार? (कागद रोजच्या अंकाचाच बरा. पुरवणीचा गुळगुळीत कागद लघवी शोषत नाही, नुसती पसरवतो.)

डाग फिकट पिवळा असेल तर पुढच्या पिंजऱ्याकडे जावं. कॉफीसारखा तपकिरी असेल तर कागद गुंडाळू नये, बाजूला ठेवावा. गोचिडतापात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. पिवळा फेस म्हणजे बहुधा रिकाम्या पोटाचं पित्त. पण रात्रीचं जेवण 10-12 तासांनी जसंच्या तसं बाहेर आलं असेल, तर ते पोटातून पुढे सरकतच नाहीये. पार्व्हो या विषाणूमुळे होणारा रक्ताळ जुलाब मात्र दारातूनच नाकाला कळतो, आणि एकदा कळलेला तो वास विसरता येत नाही.

सलाइनवरच्या कुत्र्याखालचं पॅड वजनकाट्यावर ठेवायचं. कोरड्या पॅडचं वजन आधी टिपलेलं असेल, तर फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. 20 किलोच्या कुत्र्याची तासाला 20 ते 40 मिलिलिटर तरी भरायला हवी. कमी भरली तर आधी नळी बघावी. बसण्यापूर्वी कुत्रं स्वतःभोवती गिरक्या घेतं, नळीला पीळ पडतो आणि सलाइन अडतं. नळी सरळ असूनही लघवी कमी असेल तर डॉक्टरांना लगेच उठवायचं.

सगळ्यात फसवा असतो तो स्वच्छ पिंजरा. बोक्याचा शी-शूचा ट्रे कोरडा दिसला की नवा माणूस खूश, काम वाचलं! मूत्रमार्ग तुंबलेला बोका ट्रेमध्ये परत परत जाऊन कुंथतो, थेंब पडत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं पोट साफ होत नाहीये. हे असंच दोन दिवस चाललं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं.

वाचून झालं की पाणी. तेही जनावर दुसऱ्या पिंजऱ्यात हलवल्यावर. सुरुवात ऑपरेशनसाठी आलेल्या धडधाकट जनावरांपासून करायची, जुलाबवाले नंतर, पार्व्होचा वॉर्ड अगदी शेवटी, आणि तिथला मॉप, बादली, गमबूट तिथेच राहतात. घाण काढून साबणाने धुतल्याशिवाय ब्लिच ओतण्यात अर्थ नाही, घाणीवर त्याचा जोर संपून जातो. एक लिटर पाण्यात 5-6 टक्क्यांचं ब्लिच 30 मिलिलिटर, रोज ताजं, आणि घड्याळ लावून 10 मिनिटं. बहुतेक ठिकाणी ओतल्या ओतल्या वायपर फिरतो, तिथेच पार्व्हो वाचतो. ब्लिचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर विषारी वायू होतो. काळ्या फिनेलच्या वासाने मालक खूश होतात, पण पार्व्हो त्याला दाद देत नाही, आणि मांजराने पंजे चाटले की ते पोटात जाऊन बाधतं. शेवटी साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. पावसाळ्यात फरशी वाळता वाळत नाही, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) जंतूंना ओलच हवी असते. तिथे पंखा ब्लिचइतकाच महत्त्वाचा.

मालक प्रेमाने घरची गोधडी पाठवतात. कुत्र्याला घरचा वास मिळतो, हे खरं. पण ती भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि मांजर तिचे उसवलेले दोरे गिळतं. जुना टी-शर्ट पाठवावा. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आत तो आतड्यात ताणून बसलेला असतो आणि ओढला की आतडं चिरतो.

पाळी संपताना फळ्यावर 'सगळं ठीक' लिहायला बंदी हवी. 4 नंबर, बोका, ट्रे कोरडा, रात्री 9.40, डॉक्टरांना सांगितलंय, एवढं लिहिलं की रात्रपाळीचा माणूस चहाआधी तिकडे वळतो.