१६१३ च्या कमिन्सची तेलगळती: पुढची बाजू कोरडी, मागची बाकी

चेसिसला नवा रंग मारला आणि आठवड्याच्या आत त्यावर काळे ओघळ आले. तेव्हा केबिनची सजावट बाजूला ठेवून आधी इंजिन कोरडं करायचं ठरवलं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: गाडी टाटा १६१३, ऊसवाहतुकीतून निवृत्त झालेली. इंजिन कमिन्सचं ६बीटी, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, बोअर १०२ आणि स्ट्रोक १२० मिमी. १९९३ च्या भागीदारीतून जमशेदपूरला टाटा कमिन्स उभी राहिली आणि हे इंजिन आपल्या रस्त्यांवर रुळलं. अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये ते १९८९ मध्येच आलं होतं, त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांनी हुडकलेल्या त्याच्या खोडी आपल्याला आयत्या मिळतात.

चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) मागच्या कडेला थेंब दिसला की कुठल्याही गॅरेजात एकच निदान होतं: क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. मला हे पटत नाही. तेल वरून खाली येतं आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. म्हणजे थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. मागचं सील हा शेवटचा संशयित.

म्हणून आधी धुलाई. अल्टरनेटर आणि सेल्फ (स्टार्टर) पिशवीत बांधले, डिझेल आणि ब्रशने घासलं, मग पाणी. इंजिन थंड असतानाच, कारण गरम डिझेल पंपावर गार पाणी मारलं तर तो जाम होऊ शकतो. हवा मारून वाळवल्यावर संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. पंख्याच्या वाऱ्यात ती टिकत नाही, म्हणून पट्टा काढून इंजिन चालवलं. पण वॉटरपंपही त्याच पट्ट्यावर आहे, तेव्हा काम दोन-तीन मिनिटांत उरकायचं.

पावडर दोन ठिकाणी काळी झाली: डाव्या अंगाला टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणाच्या) खालच्या कडेला आणि पुढे क्रँक पुलीच्या मागे. चेंबरचं पॅकिंग, ज्याच्यावर सगळ्यांचा राग होता, ते कोरडं ठणठणीत.

पॅकिंग आणायला धावण्याआधी एक गोष्ट बघितली. क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या खालच्या भागात) दाब साठत असेल तर तुम्ही कितीही सीलं बदला, तेल दुसरी वाट काढणारच. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण तोंडावर नुसतं उलटं ठेवलं. ते थरथरलं, पण उडालं नाही. उडालं असतं तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनरलेस (आत वेगळी नळी नसलेले) बोअर यांचा विषय निघाला असता आणि हा मजकूर फार लांबला असता. ब्रीदरची, म्हणजे हा दाब बाहेर सोडणारी, नळी मात्र आत काळ्या चिखलाने निम्मी बुजली होती. या इंजिनात ब्रीदर टॅपेट कव्हरवरच बसतो, म्हणजे एकाच उघडझापीत दोन्ही कामं.

टॅपेट कव्हरचं काम अवघड नाही, वैतागाचं आहे. पंप आणि त्याच्या पाइपांच्या मागे हात घालून बोल्ट शोधायचे. बोल्टांखालचे रबरी वॉशर कडक होऊन चिरले होते. पॅकिंगसोबत तेही नवे घ्या, कारण तेल बोल्टच्या अंगानेही झिरपतं. कव्हर सपाट आहे का ते काचेवर ठेवून बघितलं. आवळायला २४ न्यूटन-मीटर पुरे. जास्त जोर लावला की पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

पुढच्या सीलवरून आमच्या मेस्त्रीमामांशी वाद झाला. मामांनी सवयीने सीलच्या ओठाला ग्रीस लावायला बोट बुडवलं.

“मामा, याला काही लावायचं नाही. कोरडंच बसवायचं.”

“अरं, कोरडं सील जळंल की! चाळीस वर्षं ग्रीस लावतोय मी.”

रबरी सीलाच्या बाबतीत मामांचं बरोबर आहे. पण या इंजिनाच्या सीलाचा ओठ टेफ्लॉनचा असतो. तो फिरत्या क्रँकवर स्वतःचाच पातळ थर चढवतो आणि त्या थरावर चालतो. मध्ये तेल किंवा ग्रीस आलं तर थर धरत नाही आणि नवं सील पहिल्या दिवसापासून पाझरतं. क्रँकचं टोक आणि ओठ दोन्ही स्वच्छ, कोरडे हवेत. मामा शेवटी म्हणाले, “गळलं तर परत माझ्याकडं येऊ नको.” पण सील त्यांनीच बसवलं, आणि फार सफाईने.

क्रँकवर नख फिरवलं तर जुन्या ओठाने पाडलेली बारीक खाच लागली. खोल असती तर स्लीव्ह (धातूची पातळ बांगडी) चढवावी लागली असती. इथे सील किंचित आत सरकवून ओठ कोऱ्या जागेवर आणला.

नुसत्या सीलासाठी टायमिंग कव्हर काढायची गरज नव्हती. जुन्या सीलात दोन बारीक भोकं पाडून, स्क्रू घालून ते ओढता येतं. तरी मी कव्हर उघडलं, ते डॉवेल पिनसाठी. गिअर हाउसिंग जागेवर धरणारी ही पोलादी पिन थरथरून हळूहळू बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली तर हाउसिंग फोडते. अमेरिकेतले डॉजवाले तिला ‘किलर’ म्हणतात. माझी पिन थोडी बाहेर डोकावत होती. ठोकून आत बसवली आणि शेजारच्या बोल्टखाली पोलादी पट्टी अडकवून तिची वाट बंद केली. रेडिएटर निघालेलाच असेल तर ही संधी कुणी सोडू नये, गळती असो वा नसो. कव्हर परत लावताना सीलसोबत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाइडने ते क्रँकभोवती मधोमध आणलं आणि मगच बोल्ट आवळले. डॅम्परचे (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, कंप शोषणाऱ्या चकतीचे) चार बोल्ट १२५ न्यूटन-मीटरला.

उंब्रजपर्यंत जाऊन-येऊन झालं. पुढची आणि डावी बाजू कोरडी आहे. टर्बोच्या तेल-परतीच्या नळीचा रबरी जोड ओलसर वाटला, क्लिपा बदलल्या.

आता बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या आवरणाच्या) खालच्या भोकाला एक थेंब धरतोय. बोटावर घेतला तर काळाच आहे. गिअरबॉक्सचं नव्वद नंबर तेल असतं तर सोनेरी दिसलं असतं आणि गंधकाचा उग्र वास आला असता. म्हणजे तेल इंजिनाचंच. मागचं सील, त्याच्या कॅरिअरचं पॅकिंग किंवा कॅमशाफ्टच्या मागचा प्लग, तिघांपैकी एक. क्लच प्लेट संपत आलीच आहे. ती बदलताना गिअरबॉक्स उतरेल, तेव्हा तिन्ही करून टाकणार. तोवर खाली पत्र्याचा डबा, आणि दर रविवारी डिपस्टिकवर तेलाची पातळी बघणं. तेल कमी होतंय का हे तर बघतोच, पण वाढतंय का हेही, कारण वाढलं तर डिझेल आत उतरतंय.