साताऱ्याहून गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे: दोघांनी मुक्काम कुठे करावा

मार्ग असा: सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, चहा-नाश्ता धरून पाच तास. पुढे वेळणेश्वर आणि हेदवी करून तवसाळच्या जेटीवरून गाडीसह जयगडला उतरायचं, तिथून मालगुंडमार्गे गणपतीपुळे. परतताना आरे-वारे, हातखंबा, आंबा घाट, मलकापूर, कोकरूड, शेडगेवाडी, उंडाळे, कराड. आमची चार रात्रींची वाटणी गुहागर दोन, वेळणेश्वर एक, गणपतीपुळे एक अशी होती. ती चुकली. पुन्हा ठरवायचं तर वेळणेश्वरला दोन रात्री, गुहागरला दोन, आणि पुळ्याला फक्त दर्शनापुरतं थांबायचं. सांगलीकरांना हीच फेरी कोल्हापूर आणि आंबा घाटाने उलटी करणं सोयीचं पडतं.

खोली शोधण्याआधी तिथी बघा. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुक्कामाचे दिवस ठरवायला एवढं पुरतं. या फेरीला शुद्ध षष्ठी ते नवमी हे दिवस पडले, म्हणजे रोज संध्याकाळी साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान भरती. भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी जोराची) भरती असल्याने पाणी फार वर चढत नाही, पण सूर्यास्ताच्या वेळी चालायला ओली, घट्ट वाळू उरत नाही आणि भुसभुशीत कोरड्या वाळूत पाय रुततात. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास गेलं तर सकाळी आठ ते दहा पाणी चढतं असतं, तेव्हा डुंबायचं. संध्याकाळी ओहोटीमुळे रुंद पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मोकळी मिळते, तेव्हा चालायचं. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी संकष्टी असते आणि पुळ्याला तोबा गर्दी होते, म्हणून पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस धरावेत.

आता खोलीचं. 'बीच टच' या शब्दावर विश्वास ठेवू नका. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांनुसार ग्रामीण किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे (2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या भागासाठी हे अंतर 50 मीटर आहे). त्यामुळे रीतसर बांधलेली खोली बहुधा जुन्या घरात तरी असते, नाहीतर किनाऱ्यापासून थोडी मागे, झाडीआड. हे वाईट नाही, उलट चांगलं आहे. खाऱ्या वाऱ्याने एसीची जाळी, कड्या-कोयंडे सगळं गंजतं, आणि झाडीआडची खोली दुपारी थंड राहते. फोनवर 'समुद्र दिसतो का' असं न विचारता 'अंगणातून निघून पुळणीवर पोचायला किती मिनिटं, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, रात्री वाटेवर दिवा असतो का' असं विचारा. पाच मिनिटांच्या आत आणि रस्ता न ओलांडता, असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं करावं.

गुहागरची रचना समजून घेतली की निवड सोपी होते. गाव समुद्राला समांतर लांबच लांब पसरलंय. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत. पश्चिमेच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि लगेच पुळण. त्यामुळे समुद्राकडच्या बाजूचं घर घेतलं तर मागच्या दारातून चपला न घालता किनारा गाठता येतो. डोंगराकडच्या बाजूला तेवढ्याच पैशात मोठी खोली मिळते, पण दर वेळी रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या वाडीशेजारच्या पाखाडीने (अरुंद पायवाटेने) जावं लागतं. दोघांसाठी लहान खोली आणि मागचं दार, हेच घ्यावं. व्याडेश्वराच्या देवळापासून जरा लांब, वरच्या किंवा खालच्या पाटात (गावातल्या वस्त्यांची ही नावं), शांतता जास्त.

घरगुती सोय की रिसॉर्ट? दोघंच असाल तर घरगुती सोय बरी, मात्र खोलीचं दार स्वतंत्र हवं. काही ठिकाणी यजमानांच्या ओटीतून किंवा जेवणघरातून आत जावं लागतं, तिथे रात्री दहानंतर किनाऱ्यावरून परतणं अवघड होतं, दोन्ही बाजूंना. दुसरं, शेजारच्या खोल्यांत कोण उतरणार आहे ते विचारा. आठ-दहा जणांचा ग्रुप आला की अंगणात स्पीकर लागतो आणि मग नवराबायकोचं निवांतपण संपतं. शनिवार टाळून रविवारी दुपारी पोचलं तर ही कटकट बरीचशी उरत नाही. साताऱ्याहून सकाळी सातला निघालं की आपण पोचतो तोवर शनिवारची मंडळी खोल्या सोडून गेलेली असतात.

वरच्या मजल्याची पश्चिमेकडची खोली फोटोत सर्वांत सुंदर दिसते, तीच नको. स्लॅब दिवसभर तापतो, वर दुपारचं ऊन थेट भिंतीवर. रात्री दहापर्यंत भिंत गरम लागते. तळमजल्याची, वाडीकडे खिडकी असलेली किंवा कौलारू खोली मागावी. कौलारूत पाली असतात, सवय करून घ्यावी. वाडीला पाणी देणाऱ्या पाटांमुळे डास असतात, म्हणून खिडकीला जाळी आहे का हे नक्की विचारा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही. तेव्हा 'पॉवर बॅकअप आहे' या उत्तरावर 'एसीला जनरेटर आहे का' हा पुढचा प्रश्न. समुद्राला लागून असलेल्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. अंघोळीला चालतं, साबणाला फेस कमी. पिण्याचं पाणी वेगळं विचारावं.

जेवणाचा दर माणशी की खोलीमागे, त्यात नाश्ता-चहा धरलाय का, हे आधीच बोलून घ्यावं. गुहागरात बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत. मासे हवे असतील तर 'घरात करता का, बाहेरून आणून खाल्लेलं चालतं का' हे न विचारता जाऊ नका. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. ताज्या माशांच्या आशेने तेव्हा जाण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ दोघांसाठी उत्तम. मे महिन्यात आंबा मिळतो, पण खोली मिळत नाही.

ओळखपत्र दोघांचंही लागतं, मूळ प्रत घ्यावी. नव्या नवरीच्या आधारवर माहेरचं नाव असतं. कायद्याने त्यात काही अडत नाही, पण दारात उभं राहून समजावत बसण्यापेक्षा फोनवर आधीच सांगितलेलं बरं. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये. मेसेजवर तारीख, खोली वरची की खालची, जेवण धरून की न धरता, एवढं लिहून घ्यावं. तोंडी ठरलेली तळमजल्याची खोली पोचेपर्यंत वरची झालेली असते.

वेळणेश्वर हे अर्धचंद्राकार, छोटं, डोंगराच्या कुशीतलं. एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान उंचावर आहे: खोलीतून समुद्र खरोखर दिसतो, पण किनाऱ्यावर जायला उतार आणि परत चढ. गुडघे दुखत असतील तर खाली देवळाजवळच्या घरांत राहावं. संध्याकाळनंतर गावात फारसं काही उघडं नसतं, जेवण मुक्कामीच सांगून ठेवा, रोख पैसे गुहागरातच काढून घ्या. हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली अरुंद घळ, भरतीच्या वेळेला गाठावी. ओहोटीत नुसता कातळ दिसतो, पाणी घळीत घुसून उडत नाही. कातळ शेवाळलेला असतो, कडेला जाऊ नये.

तवसाळ ते जयगड पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. संध्याकाळची शेवटची फेरी कधी, हे त्याच दिवशी विचारावं. चुकली तर खाडीला वळसा घालून जाण्यात संध्याकाळ जाते.

गणपतीपुळ्याला देवळालगतच्या खोल्या पहाटेपासून गजबजतात. मुक्काम करायचाच तर मालगुंडच्या बाजूला, दोन-तीन किलोमीटर अलीकडे. आणि पोहायचं नाही. इथे तळ एकदम खोल जातो, ओहोटीत ओढ असते, दरवर्षी माणसं जातात. पोहायचा हट्ट वेळणेश्वरला पुरवून घ्यावा, तोही चढत्या पाण्यात, कमरेच्या वर नाही.

गाडीबद्दल दोनच गोष्टी. पाटणला टाकी भरून घ्या. कुंभार्ली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय दाबून ठेवला तर ते तापून लागेनासे होतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहाटे घाटमाथ्यावर धुकं असतं, अवजड ट्रक वळणावर बाहेर येतात. मुक्कामी गाडी नारळाखाली लावू नका. यजमान सांगतीलच, पण ते सांगेपर्यंत काच शाबूत राहायला हवी.