‘किती जुनी आहे?’ – आमची वाटचाल

आजच्या जपानी कारागिरांनी बनवलेल्या नव्या त्सुबा आम्ही विकतो. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, किती जुनी आहे ही? मी सांगतो, गेल्या महिन्यात पूर्ण झाली, आणि समोरच्याचा चेहरा लगेच जरा उतरतो. दोनशे वर्षं जुनी असेल तर भारी आणि कालची असेल तर शोपीस, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमच्या छोट्या फर्मची वाटचाल म्हणजे खरंतर या एका प्रश्नाचीच गोष्ट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्सुबा म्हणजे जपानी तलवारीत पातं आणि मूठ यांच्या मधे बसणारी चकती. हात पुढे पात्यावर घसरू नये आणि तलवारीचा तोल जमावा म्हणून असते. तळहातावर मावते, साधारण सात-आठ सेंटीमीटर, जाडी चार-पाच मिलिमीटर. आपल्या तलवारीलाही चकती असते पण ती मुठीच्या मागच्या टोकाला, ही पुढे. एवढीशी जागा, त्यातही मधोमध पात्यासाठी भोक, आणि उरलेल्या जागेत कारागीर पाइनचं झाड, उडणारे बगळे, लाटा, पाऊस सगळं बसवतो.

मी मूळचा हुपरीचा. घरात चांदीचं काम, आजोबांपासून. मी मात्र कॉम्प्युटर शिकलो आणि २०१२ ला नोकरीसाठी टोकियोत आलो, निशिकासाईत राहायला, जिथे निम्मी बिल्डिंग आपलीच माणसं. एका रविवारी एका छोट्या प्रदर्शनात गेलो तर तिथे एक कारागीर स्वतःचंच काम मांडून बसलेला, त्याने काही न विचारता एक लोखंडी त्सुबा माझ्या हातात दिली. म्युझियममध्ये काचेच्या आड बघितल्या होत्या, पण हातात घेतल्यावर वेगळंच. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असेल पण हाताला भरीव लागत होती, आणि लोखंड असून स्पर्श असा की चामड्याची जुनी पिशवी धरलीय. मी विचारलं किती जुनी, तो म्हणाला तीन आठवडे. त्या रात्री मी बायकोला सांगितलं की मला हे काम करायचंय. ती हिशोबात पक्की, तिने आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाचं गणित मांडलं आणि मगच हो म्हणाली. २०१७ ला नोकरी सोडली.

सुरुवात वाईट झाली. एका सप्लायरकडून आम्ही बारा त्सुबा घेतल्या, हाताने कापलेल्या म्हणून. चार विकल्यासुद्धा. मग एक दिवस भिंग घेऊन निवांत बसलो आणि जाळीकामाच्या आतल्या भिंती बघायला लागलो (हे आधीच करायला हवं होतं, हुपरीच्या माणसाला सांगायला नको). हाताने कापलेल्या जाळीत आधी बारीक भोक पाडतात, त्यातून करवतीची तार ओवतात, कापतात आणि मग कानशीने भिंत साफ करतात, त्यामुळे आतला कोपरा धारदार असतो आणि कानशीचे बारीक सरळ ओरखडे कुठेतरी सापडतातच. इथे कोपरे साबणासारखे गोल झालेले आणि तळाशी बारीक बारीक खड्डे. साच्यातला माल होता. चारही गिऱ्हाइकांना फोन करून पैसे परत केले, उरलेल्या आठ अजून ड्रॉवरमध्ये आहेत, नवीन माणसाला फरक दाखवायला उपयोगी पडतात. त्यानंतर नियम केला, कारागिराच्या वर्कशॉपमध्ये बसून काम बघितल्याशिवाय एकही नग घ्यायचा नाही.

दुसरी चूक माझी स्वतःचीच, आणि तिनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. शाकुदो नावाचा एक मिश्रधातू असतो, तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोनं. रंग काळा, पण कोळशासारखा नाही, ओल्या जांभळासारखा निळसर काळा. अशा एका त्सुबावर बोटाचे ठसे दिसले म्हणून मी घरच्या सवयीने चांदी पुसायचं कापड घेतलं आणि घासलं. दोन मिनिटांत कडेला लाल तांबं दिसायला लागलं. हात थरथरायला लागले माझे. बाबांना हुपरीला फोन केला तर ते म्हणाले, आरं तो मळ नव्हं, तोच माल हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरासमोर ती ठेवली आणि जे झालं ते खरं सांगितलं. तो रागावला नाही, म्हणाला थांब, बघून जा. आधी त्याने कोळशाने घासून पूर्ण त्सुबा पुन्हा उघडी केली. आता ती साध्या तांब्यासारखी दिसत होती, त्यावर शिबुइचीचा म्हणजे तांबं-चांदीचा चंद्र आणि शुद्ध तांब्याची दोन पानं बसवलेली होती तीसुद्धा नीट वेगळी कळेनात. मग मुळा किसला, आपण कोशिंबिरीला किसतो तसाच पांढरा दाईकोन मुळा, त्याचा रस चोळला म्हणजे रंग डाग न पडता सारखा चढतो. आणि तांब्याच्या भांड्यात रोकुशो म्हणजे तांब्याच्या क्षाराचं उकळतं पाणी, त्यात सोडून सतत हलवत राहिला. एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, शाकुदोची जमीन काळी होत गेली, चंद्र राखाडी झाला, पानं नारिंगी-लाल रंगाची झाली आणि सोन्याची तार होती तशीच राहिली. रंग वरून लावलेला नाहीये, प्रत्येक धातूतून त्याचा त्याचा बाहेर आला! म्हणजे कारागीर छिन्नी मारतो तेव्हा त्याच्यासमोर सगळं लाल-पिवळसरच असतं, अंतिम चित्र फक्त त्याच्या डोक्यात. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॉक्समध्ये एक चिठ्ठी जाते, पॉलिश करू नका, नुसत्या मऊ सुती कापडाने टिपा.

लोखंडाची तऱ्हा वेगळी. दक्षिण जपानातल्या कुमामोतोला गेलो तेव्हा हिगो झोगानचं म्हणजे लोखंडावर सोनं जडवण्याचं काम बघितलं, सतराव्या शतकात होसोकावा सरदारांच्या आश्रयाने तिथे वाढलेली परंपरा. लोखंडावर छिन्नीने कापडाच्या विणीसारख्या आडव्यातिडव्या बारीक रेघा मारतात, चार दिशांनी, आणि त्यात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवतात, सोन्याला इजा होऊ नये म्हणून हरणाच्या शिंगाने. आपल्याकडे उदयपूरचं कोफ्तगरी काम बघितलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. मग मुद्दाम गंज चढवतात आणि चहाच्या पाण्यात उकळतात, चहातल्या टॅनिनमुळे गंज थांबतो आणि काळा होतो. बाकी जग गंज काढायला धडपडतं आणि ही माणसं गंजालाच कामाला लावतात.

ही कला मध्ये जवळजवळ बुडाली होती. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार कमरेला लावून फिरायला बंदी केली आणि कारागिरांचं गिऱ्हाईकच एका हुकमात गेलं. कानो नात्सुओसारखा उस्ताद होता म्हणून धागा टिकला, त्याने सरकारच्या नव्या नाण्यांसाठी कोरीव काम केलं आणि १८९० पासून टोकियोच्या कलाशाळेत शिकवलं. आजच्या कारागिराच्या हातातली छिन्नी त्या साखळीतून आलीय. आणि नात्सुओचं काम त्याच्या काळात नवंच होतं की, तेव्हाही कोणीतरी त्याला विचारलंच असेल, किती जुनी?

धंद्याचं म्हणाल तर हळूहळू जमलं. २०१८ ला तलवारींचं म्युझियम योयोगीहून र्‍योगोकूला आलं, तिथून बाहेर पडलेली बरीच मंडळी आमच्याकडे डोकावतात. कोविडमध्ये दुकान बंद असताना आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक त्सुबा खिडकीच्या उजेडात फिरवून दाखवायचो, तेव्हा पुण्याचं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. त्यांचा नग ऐन जुलैत गेला आणि पोचेपर्यंत कडेवर लाल ठिपका, आमचं पॅकिंग कमी पडलं. आता लोखंडी नग पावसाळ्यात भारतात पाठवतच नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो, दसऱ्यानंतर पाठवतो. किरी लाकडाच्या डब्याबरोबर सिलिका जेलची पुडी जाते ती वेगळीच.

वर्षाला आम्ही मोजकेच नग विकतो कारण एका चांगल्या त्सुबाला महिने लागतात आणि मी कारागिराला कधी घाई करत नाही. इथल्या गणपतीत एकदा टेबल मांडलं होतं, भारतातून आलेल्या एका आजींनी एक लोखंडी त्सुबा पाच मिनिटं अंगठ्याने चोळत धरून ठेवली, बोलल्या काहीच नाहीत, नातू दोनदा बोलवायला आला तरी. माझ्यासाठी तो दिवस विक्रीच्या दिवसापेक्षा मोठा होता.

गेल्या महिन्यात इआइदो म्हणजे जपानी तलवारीची कला शिकणारा एक तरुण त्याच्या तलवारीसाठी बनवून घेतलेली त्सुबा न्यायला आला. मधलं भोक त्याच्या पात्याच्या मापाने, वर-खाली तांब्याचे छोटे तुकडे बसवून घट्ट केलेलं. भोकाभोवती कारागिराने आपलं नाव आणि साल कोरलं होतं, रेइवा ७, म्हणजे जपानी कालगणनेत २०२५. तलवार जोडली की त्यावर सेप्पा म्हणजे पातळ वॉशर बसते आणि ते नाव झाकलं जातं, पुन्हा खोलेपर्यंत दिसत नाही. त्याला हे माहीत होतं. सेप्पा हातात घेऊन तो थांबला, त्सुबा खिडकीशी नेली, त्या अक्षरांचा एक फोटो काढला, आणि मग जोडायला बसला.