दान्तेचा नरक आणि बॉस्टनचा खुनी

शनिवार, रात्र

मॅथ्यू पर्ल यांची ‘द दान्ते क्लब’ ही २००३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आज दुपारी वाचून संपवली, आणि तेव्हापासून तिच्यातल्या खुन्यापेक्षा त्याने हाताशी धरलेल्या काव्याचाच विचार डोक्यात चालू आहे. कथानक १८६५ सालच्या बॉस्टनमध्ये घडते. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले आहे, रस्त्यांवर जायबंदी सैनिक दिसत आहेत, आणि शेजारच्या केंब्रिज गावात कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो दर बुधवारी संध्याकाळी मित्रांना घरी जमवून मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशा तीन भागांतल्या काव्याचा आपला इंग्रजी अनुवाद ओळीओळीने तपासून घेत आहेत. इथवरचे सारे इतिहासाला धरून आहे. कवी जेम्स रसेल लॉवेल, डॉक्टर असून कविता लिहिणारे ऑलिव्हर वेंडेल होम्स, प्रकाशक जे. टी. फील्ड्स ही माणसे खरी आहेत आणि १८६७ साली प्रसिद्ध झालेला तो अनुवादही खरा आहे. कल्पित आहेत ते खून.

पहिला बळी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचा. ते स्वतःच्याच घराच्या आवारात पडलेले सापडतात. अंगात किडे पडलेले आणि जवळ काठीला लावलेले निशाण. पुढे एक धर्मोपदेशक मिळतो, तो खड्ड्यात डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत पुरलेला व तळपाय जळालेला. पोलिसांना त्यात काहीच संगती लागत नाही. लाँगफेलोंच्या मंडळींना मात्र ही दृश्ये ओळखीची वाटतात. आयुष्यभर कोणतीच बाजू न घेतलेल्या माणसांना दान्तेने पहिल्या, म्हणजे नरकाच्या, भागाच्या तिसऱ्या सर्गात एका निशाणामागे अखंड धावायला लावले आहे. त्यांना गांधीलमाश्या डसतात आणि त्यांचे अश्रूंत मिसळलेले रक्त पायांशी वळवळणारे किडे शोषून घेतात. एकोणिसाव्या सर्गात धर्मपदांचा बाजार मांडणारे खडकातल्या भोकांत उलटे रोवलेले आहेत आणि त्यांच्या तळव्यांवर ज्वाळा फिरत आहेत. गुलामगिरीच्या प्रश्नावर ठाम भूमिका घेण्याचे टाळणाऱ्या न्यायाधीशाला कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली, हे त्यामुळे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

कादंबरीतला खरा पेच यानंतर सुरू होतो, आणि मला तो खुनांपेक्षा कितीतरी अधिक आवडला. त्या काळच्या बॉस्टनमध्ये दान्ते वाचलेली माणसे इतकी थोडी आहेत की त्याची माहिती असणे हाच संशयाला पुरेसा आधार आहे. शिवाय हार्वर्डच्या कारभाऱ्यांना हा इटालियन, कॅथलिक कवी आपल्या प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांच्या हाती पडायला नको आहे. पोलिसांकडे जावे, तर अमेरिकेत पाऊल टाकण्यापूर्वीच हे काव्य खुन्याचे पाठ्यपुस्तक म्हणून बदनाम होणार. गप्प राहावे, तर पुढचा माणूस मरणार. मंडळी गप्प राहतात आणि स्वतःच शोधाला लागतात. म्हणजे ज्या तिसऱ्या सर्गाचा अर्थ त्यांनी सर्वांच्या आधी ओळखला, त्याच सर्गातल्या निशाणामागच्या रांगेच्या जवळ ते काही काळ जाऊन उभे राहतात. बॉस्टनच्या पोलीस दलातला पहिला कृष्णवर्णीय शिपाई निकोलस रे हे कल्पित पात्र म्हणूनच मला महत्त्वाचे वाटले; त्याला दान्ते ठाऊक नाही, पण समोर मेलेला माणूस त्याला अधिक स्पष्ट दिसतो.

मधली शंभरेक पाने रेंगाळतात. संशयितांची गर्दी झाली आहे, आणि शेवटचा पाठलाग तर कोणत्याही रहस्यकथेत शोभला असता असा आहे. खुन्याचे नाव मी इथेही लिहून ठेवत नाही, कारण ही वही घरात इतरांच्या हाती पडते.

रविवार, दुपार

सकाळी लाँगफेलोंचाच अनुवाद काढून बसलो. या अनुवादामागची हकिकत ठाऊक असली, की त्यातल्या आगीच्या ओळी निराळ्या वाचल्या जातात. १८६१ सालच्या जुलैमध्ये त्यांच्या पत्नीच्या, फॅनीच्या, कपड्यांनी पेट घेतला आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. आग विझवताना ते स्वतःही भाजले, आणि आपण चित्रांत पाहतो ती त्यांची पांढरी दाढी चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यासाठी वाढवलेली होती. त्यानंतरच्या काळात त्यांनी स्वतःला या अनुवादात गुंतवून घेतले.

आपल्याकडे घरात मृत्यू झाल्यावर गरुडपुराण वाचले जाते, त्यामुळे कुंभीपाक आणि असिपत्रवन ऐकलेल्या माणसाला दान्तेच्या यातना नव्या वाटत नाहीत. फरक आहे तो नावांचा. गरुडपुराणात पापाचा प्रकार सांगितलेला असतो, पापी मात्र निनावी असतो. दान्तेच्या नरकात माणसे नाव, घराणे आणि गाव यांसह भेटतात. त्याहून धक्कादायक गोष्ट अशी की, काव्यातला प्रवास १३०० साली घडतो आणि त्या वर्षी हयात असलेल्या पोप आठव्या बोनिफेसची जागा एकोणिसाव्या सर्गात आधीच राखून ठेवलेली आहे. खाली उलटा रोवलेला पोप तिसरा निकोलस पावलांची चाहूल लागताच विचारतो, बोनिफेस, तू इतक्यातच आलास? जिवंत माणसाला शिक्षा ठोठावण्याची कल्पना खुन्याने स्वतःच्या मनाने काढलेली नाही. ती काव्यातच आहे. बत्तिसाव्या सर्गात तर दान्ते बर्फात गोठलेल्या एकाचे केस धरून ओढतो. दान्ते करुणेचा कवी आणि खुन्याने त्याचा विपर्यास केला, इतके सोपे उत्तर या काव्याच्या वाचनातून मिळत नाही.

तरीही खुन्याचे वाचन अपुरेच ठरते, असे माझे मत आहे. हे काव्य न्यायाधीशाच्या आसनावरून सुरू होत नाही. रानात वाट चुकलेल्या आणि श्वापदांना घाबरलेल्या माणसापासून, म्हणजे खुद्द दान्तेपासून, सुरू होते. पाचव्या सर्गात निषिद्ध प्रेमासाठी शिक्षा भोगणाऱ्या फ्रान्चेस्काची हकिकत ऐकून तो बेशुद्ध पडतो, विसाव्यात रडतो आणि त्याबद्दल आपला वाटाड्या असलेल्या रोमन कवी व्हर्जिलची बोलणी खातो. शिवाय लिहिणारा स्वतः शिक्षा झालेला आहे: १३०२ साली फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले आणि हाती लागल्यास जिवंत जाळावे असे फर्मान काढले. पापक्षालनाच्या डोंगरावर घडणाऱ्या दुसऱ्या भागाच्या तेराव्या सर्गात तो मान्य करतो, की मत्सरी लोकांच्या शिक्षेपेक्षा खालच्या कड्यावर गर्विष्ठांच्या पाठीवर असलेल्या ओझ्याची त्याला अधिक भीती वाटते आणि ते वजन आताच जाणवते आहे. आपली जागा कोणती, हे ज्याला ठाऊक आहे त्याने इतरांच्या जागा ठरवल्या आहेत. बॉस्टनच्या खुन्याजवळ शिक्षांची यादी आहे. त्या यादीत स्वतःचे नाव घालण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही, आणि त्यामुळे त्याच्या हातून काव्यातली चित्रे हुबेहूब उतरतात, कवी मात्र निसटतो.

जाता जाता एक नोंद: या काव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने ती मोठी रक्कम देऊन मागितली आणि संस्थेने नकार दिला, असे सांगितले जाते. रहस्यकथेला विषय म्हणून ही हकिकतही वाईट नाही, आणि तिच्यात कोणाला मारावेही लागणार नाही.

उद्यापासून दुसरा भाग क्रमाने वाचायला घेतो. पहिल्या मुक्कामाला दहावा सर्ग गाठायचा आहे, कारण ओझ्याखाली वाकलेले ते गर्विष्ठ प्रथम तिथे दिसतात.