पद्मिनीच्या पुढच्या चाकातला खटका

एकच चाक खड्ड्यात गेलं की 'ठक्' व्हायचं. स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली की काहीच नाही. वेंगुर्ला ते कुडाळ या रस्त्यावर हा फरक पुन्हा पुन्हा जाणवला, आणि शेवटी सगळा उलगडा त्यातूनच झाला. म्हणून आधी तोच सांगतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, माझ्या मामांची. निवृत्तीनंतर ते डोंबिवलीहून गावी आले तेव्हा ती त्यांच्यासोबत आली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, कॉइल स्प्रिंग, आणि डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर त्यांचे सुटे भाग सहज मिळायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या टॅक्सी बंद झाल्या. आता प्रत्येक भाग शोधून, फोन करून मागवावा लागतो. त्यामुळे 'हा बदलून बघू, नाहीतर तो बदलू' ही पद्धत या गाडीला अजिबात परवडत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये मात्र तेच झालं. गाडी चालवून न बघताच पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलले गेले. आवाज जसाच्या तसा. खरं तर शॉकअप तपासायला बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला तरी पुरतं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप धरतोय, डोलत राहिली तर गेलाय. ही गाडी जुन्या शॉकअपवरही थांबत होती.

मग कुडाळच्या एका मेस्त्रींकडे गेलो. वयस्कर माणूस, जुन्या फियाट आणि जीपवरच हात बसलेला. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "पार्ट मागे बघूया. आधी आवाज खंयसून येता ता कळाक होया." मला चालवायला बसवून ते शेजारी बसले आणि ठरवून एकेक गोष्ट करायला लावली. जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवणं, हळू चालवून एकदम ब्रेक मारणं, फक्त डावं चाक खड्ड्यात घालणं, मग फक्त उजवं. उभ्या गाडीत स्टिअरिंग हलवताना आवाज आला असता तर टाय रॉडचे एंड, आयडलर आणि स्टिअरिंग बॉक्स या स्टिअरिंगच्या सांध्यांकडे बघावं लागलं असतं. ब्रेक मारताना आला असता तर आर्मचे आतले बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, कारण ब्रेक लागला की चाक मागे राहू बघतं आणि आर्म तिथेच ओढला जातो. दोन्ही वेळा गाडी गप्प. ठोका फक्त एका चाकाच्या खड्ड्यात, आणि तोही मला डावीकडून ऐकू येत होता.

"डावीकडचो नसतलो," ते म्हणाले. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. पत्र्यातून आवाज फिरतो आणि कुठेतरी भलतीकडेच ऐकू येतो.

त्यानंतर गाडी जॅकवर. जॅक त्यांनी बॉडीखाली न लावता खालच्या आर्मखाली लावला. बॉडीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, त्या दाबात सांधे घट्ट बसतात आणि ढिलाई लपते. चाक वर-खाली धरून हलवलं तर थोडासा प्ले, म्हणजे ढिलाई, लागला. तो बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे ज्या उभ्या पिनभोवती पुढचं चाक वळतं तिचा? त्यांनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक लागला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात, म्हणजे बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. जो उरतो तो किंगपिनचा. इथे थोडा उरला. मी ग्रीस मारू का विचारलं तर त्यांनी ठाम नाही म्हटलं. ताजं ग्रीस ढिलाई भरून काढतं, काही दिवस सगळं शांत होतं, आणि शोध तिथेच थांबतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे आवाज आला की पहिला हात ग्रीसगनकडेच जातो.

किंगपिनचा प्ले मात्र त्या ठोक्याएवढा नव्हता. आता खड्डा आणि स्पीडब्रेकर यांचा फरक उपयोगी पडला. दोन्ही चाकं एकत्र वर आली तर स्टॅबिलायझर बार आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. एकच चाक हललं तरच त्याला पीळ बसतो आणि त्याला बॉडीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर तो जोर काढतो. मेस्त्रींनी बार दोन्ही टोकांना सोडवून वर बांधून ठेवला आणि आम्ही त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून हळू गेलो. ठोका गायब. बारशिवाय गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे हा प्रयोग सावकाश आणि मोकळ्या रस्त्यावरच करावा.

वाटलं, रबर बदललं की झालं. उजवा क्लॅम्प उघडला तर रबर फुगून मऊ झालेलं, बोटाने चिरलं जाईल असं. कारण आमच्या भागातच आहे. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने पत्रा खाऊ नये म्हणून पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल मारून घ्यायची पद्धत इथे सर्रास आहे, आणि या गाडीलाही वर्षानुवर्षं ते मारलं गेलं. पत्र्याला त्याचा फायदा होतो, पण साधं रबर तेल पिऊन फुगतं आणि कुजतं. मारायचंच तर बुशांवर प्लास्टिक गुंडाळून मारावं.

पण मेस्त्री रबरावर थांबले नाहीत. क्लॅम्पचे बोल्ट घट्ट असूनही टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, रेटल्यावर क्लॅम्प हलत होता. खालचा काळा थर खरवडला तेव्हा दिसलं, बोल्ट जिथे बसतात तो पत्राच आतून गंजून पापुद्र्यांचा झालाय आणि भोकं लांबट झालीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर शाबूत पत्रा खणखणतो, हा बद्द वाजत होता. नुसतं रबर बदललं असतं तर पहिल्या पावसात ठोका परत आला असता.

बॅटरीची वायर काढून, जवळची पेट्रोलची लाईन सोडवून बाजूला करून, कुजलेला तुकडा कापला आणि जाड पत्र्याची पट्टी वेल्ड केली. वर प्रायमर, मग रंग. किंगपिन आणि बुशांचा संच कोल्हापूरहून आला. किंगपिनचे नवे बुश बसवल्यावर ते पिनच्या मापाला रीमर मारून, म्हणजे आतून तासून, घ्यावे लागतात, ते लेथवाल्याकडून करून घेतलं. आर्मचे रबर बुशही त्याच वेळी बदलले. त्यांचे बोल्ट मेस्त्रींनी गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना आवळले. चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, जुळवला, आणि मग कुठे ग्रीस.

परत येताना मी मुद्दाम खड्ड्यांतून आलो. ठोका नाही. स्टिअरिंगही हलकं आणि नेमकं झालंय, ते बहुतेक किंगपिनमुळे.

आता शिरोड्याच्या किनाऱ्याकडे फेरी झाली की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतो. डाव्या क्लॅम्पचा पत्राही मी टोचून बघितला आहे. आवाज नसला तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक थोडं आत गेलं. मेस्त्रींना फोन केला आहे, मिरग लागायच्या आत तीही बाजू उघडायची आहे.