मूलची वाडी

गावाहून चुलतभावाचा फोन. "अरे, यंदा वई घालायला माणसंच मिळेनात." मुलीने विचारलं, "बाबा, वई म्हणजे वही?" तोंडी सांगून भागलं असतं, पण मला कपाट उघडायला निमित्तच हवं असतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. वई म्हणजे कुंपण.

आजोबांकडेही हे धूड होतं. "मोलस्वर्थ आण रे," म्हणाले की मी ते पोटाशी धरून आणायचो. माझी ठाम समजूत होती की हे अस्सल आपलं नाव. मोल, स्व, अर्थ. कुणी मोलस्वर्थशास्त्री असणार, शेंडीवाले! १८३१ साली हा कोश काढणारा माणूस कंपनीच्या फौजेतला साहेब होता, हे कळलं तेव्हा दोन दिवस चुटपुट लागली होती.

आजोबांना माणूस भेटला की "मूळचे कुठले?" विचारल्याशिवाय चैन पडत नसे. ती खोड माझ्यात उतरली आहे. साहेब मूळचे कुठले? मोल्सवर्थ हे केंब्रिजशायरातलं एक चिमुकलं गाव. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या जुन्या दप्तरात, त्याची नोंद आहे. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा. वॉन्ड्सवर्थमधलं, टॅमवर्थमधलं तेच. आणि मूल हे माणसाचं नाव. त्याच भाषेत मूल म्हणजे खेचरसुद्धा. तिथेही नावं ठेवणारे शेजारी होतेच म्हणायचे! तर मूलची वाडी. आपल्याकडे असते तर मूलवाडीकर झाले असते. त्यांच्यात 'कर' लावत नाहीत, अख्खं गावच पाठीवर घेतात.

मग 'वाडी' काढून पाहिलं. पहिलाच अर्थ, कुंपण घातलेली जमीन. म्हणजे साहेब स्वतःचं आडनावच मराठीत उलगडून गेले होते. लिहिताना हात क्षणभर थांबला असेल का?

त्या मूलच्या वाडीजवळ पुढे विमानतळ झाला. तिथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी राहुट्या ठोकल्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये लष्कराने त्यांना रातोरात उठवलं आणि भोवती मैलोनमैल काटेरी तारांचं कुंपण घातलं. त्यांना मात्र माणसं मिळाली.

मुलगी केव्हाच उठून गेली होती. रात्री मीच भावाला फोन केला. "वईचं काय केलंस?"

"शेजाऱ्यानेच तार ओढली," तो म्हणाला. "हातभर आपल्यात."